सांगायची राहिलेली अट

माझे वडील गोष्टी सांगत. हा त्यांचा छंद नव्हता, व्यवसाय होता. शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी बरीच वर्षे 'खाजगी नोकरी' असे लिहीत असे. कॉलेजात गेल्यावर प्रथमच 'कथाकथन' असे लिहिले, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. तात्या कीर्तनकार नव्हते, शाहीरही नव्हते. त्यांच्याजवळ टाळ, डफ यांपैकी काही नव्हते आणि मागे साथीला कुणी उभे नसे. एक माणूस लोकांसमोर उभा राहतो आणि तासभर बोलतो, एवढाच तो व्यवहार होता. तो ज्यांना ज्यांना हवा असे, त्यांच्याकडे ते जात. आणि चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तो किती वेगवेगळ्या लोकांना हवा असतो, याची कल्पना आम्हाला त्यांच्या पिशव्यांवरून येई.

दाराजवळच्या भिंतीला तीन खिळे होते आणि प्रत्येकावर एक पिशवी. पहिलीत उपरणे आणि पांढरी टोपी, ही दहाव्याची. आमच्या भागात नदीच्या घाटावर दहाव्याचा विधी चालू असताना, पिंडाला कावळा शिवेपर्यंत, जमलेल्या नातेवाइकांसमोर कुणीतरी बोलावे अशी रीत आहे. गेलेल्या माणसाचे चार गुण सांगायचे, त्याला पुराणातली एखादी कथा जोडायची आणि कावळा लवकर आला तर दोन वाक्यांत ती संपवायची. दुसऱ्या पिशवीत गुलाबी फेटा. हा गणेशमंडळांसाठी, गावच्या जत्रांसाठी आणि चाकणच्या कांदा बाजारासाठी. लिलाव संपून ट्रक भरेपर्यंत ड्रायव्हर आणि हमाल जिथे बसत, तिथे एखादा हौशी अडत्या तात्यांना उभे करी. तिसऱ्या पिशवीत इस्त्रीची पॅण्ट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खिशाला लावायचे पेन. ही कंपन्यांची. कुठे सुरक्षा सप्ताह असे, कुठे व्यसनमुक्तीचा कार्यक्रम, कुठे प्रौढ साक्षरतेचा. पेनाचा तात्यांना काही उपयोग नव्हता, कारण ते सहीपलीकडे फारसे लिहीत नसत. पण पेनाशिवाय गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही, असे त्यांचे मत होते.

ते परत आले की कुठून आले हे विचारावे लागत नसे. बाजारातून आले तर पिशवीत चार-पाच किलो कांदे असत आणि त्या आठवड्यात कांद्याचे पिठले, कांद्याची थालीपीठे आणि कांद्याची चटणी हा क्रम चुकत नसे. कंपनीतून आले तर खोका असे: त्यात एक बालूशाही, मूठभर चिवडा आणि केळे, बालूशाहीचे आई सुरीने चार भाग करी, चौथा तुकडा शेजारी जाई. घाटावरून आले की ते आधी मोरीत जाऊन अंघोळ करीत आणि त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याशी फार बोलत नसे.

आमची दहा खोल्यांची बैठी ओळ होती. एका बाजूला कारखान्याची कुंपणभिंत, दुसऱ्या बाजूला गटार आणि त्यावर टाकलेल्या फरश्या. दिवसातून तीनदा भोंगा होई आणि त्यावर आमच्या ओळीतले स्टोव्ह पेटत आणि विझत. आई घरी बसून कारखान्यांसाठी सुती हातमोजे शिवीत असे. तिचे मशीन सकाळी सुरू होई ते संध्याकाळपर्यंत थांबून थांबून चाले. प्रत्येक बोटाच्या टोकाशी ती वेग कमी करी, त्यामुळे दर मोज्यामागे पाच वेळा तो आवाज मंदावत असे. त्या आवाजात मी अभ्यास केला. आज वाकडला अकराव्या मजल्यावर, काचेची खिडकी लावून बसले की इतकी शांतता असते की एखादे पान वाचून झाले तरी काय वाचले ते कळत नाही.

तात्या घरात गोष्टी सांगत नसत. लोकांना हे खरे वाटत नाही. आमच्या सोसायटीत आता दर महिन्याला लहान मुलांसाठी 'स्टोरीटेलिंग' असते, रंगीत चटया अंथरतात. माझे वडील कथेकरी होते असे कळल्यावर तिथल्या दोन तरुण आया मला विचारायला आल्या की तुम्ही तर लहानपणी रोज गोष्टी ऐकल्या असतील. मी नाही म्हटले, तेव्हा मी विनयाने बोलते आहे असे त्यांना वाटले असावे. वस्तुस्थिती अशी की घरी तात्या ऐकत. रात्रीचे जेवण आम्ही लवकर, दिवेलागणीलाच उरकत असू; ताटावर बसले की ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत, "आज काय ऐकलं?" आईजवळ नेहमी काहीतरी असे. हातमोज्यांचा माल न्यायला येणारा टेम्पोवाला, नळावरचे भांडण, सातव्या खोलीत आलेले पाहुणे. धाकटा भाऊ शाळेतले सांगे. माझी पाळी आली की मी "काही नाही" म्हणे. मी लाजरी होते हे एक, आणि दुसरे असे की जे सांगावे ते मी सांगितले की अगदी सपाट होऊन जाई. तात्या ऐकून "हं" म्हणत आणि भाकरी मोडीत. तो "हं" मला पुरेशी शिक्षा वाटे.

त्यांच्या धंद्याचा कच्चा माल हा असा ताटावर गोळा होत असे, हे मला उशिरा समजले. जुन्या कथांचे साचे त्यांच्याजवळ तीस-चाळीस असतील. पण कुठेही गेले की आधी तासभर चहाच्या टपरीवर किंवा वॉचमनजवळ बसायचे आणि तिथली एक वाट, एक नाव आणि एक दुखणे माहीत करून घ्यायचे, ही त्यांची रीत. मग ते साच्यात घालायचे. आईला ते एकदा म्हणाले होते, "गोष्ट कुठली बी आसू दे. त्यात ऐकणाऱ्याच्या घरची एक वस्तू ठिवायची. मग तो हालत न्हाई." आणि प्रत्येक ठिकाणी आरंभी ते सांगत की ही घडलेली गोष्ट आहे, त्यात माझ्या पदरचे काही नाही. लोकांना ते खरे वाटे. मलाही वाटे.

आमच्या शेजारच्या खोलीत बळीरामभाऊ राहत. ते मूळचे बीडकडचे. बायको सिंधूवहिनी आणि तीन वर्षांची मुलगी. चाकण रस्त्यावर पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रेसवर काम करीत. प्रेस म्हणजे वरून जड साचा खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. कामगाराचे हात मध्ये राहू नयेत म्हणून त्या मशीनला दोन बाजूंना दोन बटणे असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय साचा खाली यायचा नाही. एका दुपारी साचा आला तेव्हा त्यांचा डावा हात आत होता. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट गेले. महिनाभराने ते घरी आले तेव्हा आईने डाव्या हाताचा एक मोजा उसवला, दोन बोटे आखूड करून बंद केली आणि तो वहिनींकडे दिला. ते तो रोज घालीत.

कंपनीने त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून चौकशी लावली. चार महिन्यांत ते कायम व्हायचे होते. चूक त्यांची ठरली तर कायम होणे दूरच, नोकरीच जाणार होती. आणि दोन बोटे नसलेल्या माणसाला दुसरीकडे प्रेसवर कोण घेणार, हे सगळ्यांना माहीत होते. चौकशीआधी लेखी जबाब द्यायचा होता. ओळीतले अर्ज मी लिहून देत असे. रेशनकार्डाचे, शाळेच्या दाखल्याचे, एकदा तर लग्न मोडल्याचे पत्रही मी लिहिले होते. लिहिताना मला भीती वाटत नसे. बळीरामभाऊ कागद घेऊन आले, तात्या बाहेरगावी होते, आई माल द्यायला गेली होती.

"नंदाताई, आधी समदं सांगतो," ते म्हणाले. "मग काय लिहायचं ते सांगतो."

त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या लाइनवर बारा प्रेस होत्या आणि त्यांतल्या अकरांवर एक बटण कायमचे दाबून बांधलेले असे, सायकलच्या ट्यूबच्या बोटभर पट्टीने. एकच बटण दाबायचे राहिले की दुसरा हात मोकळा राहतो आणि काम दीडपट होते. तसे केल्याशिवाय ठरवून दिलेला आकडा पुरा होत नसे आणि आकडा पुरा झाला नाही तर सुपरवायझर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवी. ट्यूबच्या पट्ट्या कामगारांच्या नव्हत्या. सुपरवायझर बसतो त्या स्टुलामागे ग्रीसचा रिकामा डबा होता, त्यात त्या कापून ठेवलेल्या असत. तुटली की तिथून घ्यायची.

"ह्याच्यातलं ट्यूबचं काहीच लिहू नका," ते म्हणाले. "मशीननं डबल मारली, एवढंच लिहा."

मी विचारले, "खरं लिहिलं तर?"

"खरं अर्धंच ऱ्हातंय, ताई. ट्यूब व्हती हे धरतील. कुनी आनली हे बोलायला लाइनीतलं एक तोंड उघडनार नाही. समदे हंगामी."

मी तसे लिहिले: बटण न दाबता साचा आपोआप दुसऱ्यांदा खाली आला. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले होते. त्यांनी सही केली, कागद मोज्यातल्या हाताने घडी करून खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी तात्या परत आले. ताटावर मेथीची गरगट्टी भाजी आणि ज्वारीची भाकरी होती हे मला स्पष्ट आठवते, कारण पुढचा सगळा वेळ मी त्या ताटाकडेच पाहत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, आईने सांगितले, भावाने सांगितले. मग, "आन् तू?" मी "काही नाही" म्हणायला तोंड उघडले आणि ट्यूबच्या पट्टीबद्दल सांगू लागले. का, याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. मला बळीरामभाऊंचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. मला एवढेच हवे होते की तात्यांचा घास एकदा हातात थांबावा. तो थांबला. ते म्हणाले, "सायकलची ट्यूब?" मी म्हटले, "हो. बोटभर." ते पुढे काही वेळ जेवले नाहीत. मी सगळे सांगितले, डब्यासकट. हे गुपित आहे, हे मात्र सांगितले नाही. कारण ते सांगितले असते तर मी ते फोडते आहे हेही सांगावे लागले असते. हकिकत मी दिली, अट माझ्याजवळच ठेवली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्याच कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. शेवटच्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये घोषवाक्यांची बक्षिसे, मग कथाकथन. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावले होते. कंपनीची बस आमच्या नाक्यावरून निघाली. मी सिंधूवहिनींबरोबर गेले. कॅन्टीनच्या टेबलांना पांढरे कापड घातले होते आणि तरी सांबाराचा वास येत होता. पुढे साहेब मंडळी, त्यांच्यामागे कामगार. चौकशी चालू असताना हजर राहिलेले बरे, असे कुणीतरी सुचवल्यामुळे बळीरामभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. तात्यांना साहेबांनी सांगून ठेवले होते की पुराणातले नको, मशीनबद्दल काहीतरी सांगा, आपल्या लोकांना पटेल असे.

माणूस ओळखू येऊ नये एवढी काळजी आपण घेतली आहे, असे तात्यांना वाटत होते. त्यांनी माणसाचे नाव सखाराम ठेवले, गाव कोकणातले केले, प्रेसऐवजी पत्रा कापण्याचे मशीन घेतले. सखारामच्या गावी जत्रा आहे, कुस्त्या आहेत, त्याला दुपारची गाडी गाठायची आहे. त्याने लवकर काम संपावे म्हणून काय करावे? इथे तात्या थांबले. मग खिशातून काही काढल्यासारखे करून, दोन बोटांत ताणून, अदृश्य बटणावर गुंडाळीत म्हणाले, "सायकलची ट्यूब. बोटभर." कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईनेही नळ बंद केला. नाव बदलले, गाव बदलले, मशीन बदलले; बदलली नाही ती एकच वस्तू, जी ऐकणाऱ्यांच्या घरची होती. प्रेस लाइनवरच्या माणसांनी माना वळवल्या नाहीत. त्यांनी इतक्या निश्चयाने समोर पाहिले की कुणाकडे पाहायचे ते टाळत आहेत, हे कुणालाही कळले असते. पुढच्या रांगेत कार्मिक विभागाचे साहेब शेजाऱ्याच्या कानाशी वाकले. सिंधूवहिनी रडत होत्या; गोष्टीने रडत होत्या, त्यांना अजून काही लक्षात आले नव्हते. गोष्ट फार चांगली झाली. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

संध्याकाळी बळीरामभाऊ आमच्या दारात आले. आईने मशीन थांबवले.

"तात्या, गोष्ट झ्याक झाली," ते म्हणाले. "आमच्या घरात अजून डोळे पुसनं चालू हाय."

"बस ना, बळीराम."

"बसत नाही. साहेबानं सुटताना धरलं मला. म्हन्ला, सखाराम, जत्रा कशी झाली." ते थोडे हसले. "आता जबाबात ट्यूब लिहिली नाही म्हनून खोटं बोलल्याचं अजून एक कलम लावनार हायेत. तुमाला बी बोलावनार हायेत. गोष्ट कुटून आनली इचारायला."

तात्यांना समजायला वेळ लागला. ते आधी बळीरामभाऊंकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. 

"मी सांगितलं," मी म्हटले.

बळीरामभाऊंनी मान हलवली. "लिहू नका म्हन्लो व्हतो. सांगू नका म्हनायचं माझ्याकडूनच ऱ्हायलं."

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. ते गेल्यावर आई तात्यांना म्हणाली, "सखाराम म्हणं. शेजारच्या भिंतीला कान लावला असता तरी कळलं असतं त्याचं काय चाललंय ते. जगाला इचारत फिरता, आज काय ऐकलं."

"मला काय ठावं, ती लपवायची गोष्ट हाय."

"आन् जत्रा? जत्रा कुणी सांगितली व्हती तुमाला?"

तात्या म्हणाले, "बांधायला कायतरी कारण लागतं माणसाला."

"व्हतं की कारण. पोरीनं सांगितलं व्हतं की."

सुपरवायझर आणि डबा तात्यांनी का गाळला, हे त्यांनी कधी सांगितले नाही. कंपनीने दिलेल्या व्यासपीठावर तो भाग सांगता आला नसता, हे उघड आहे. पण मला वाटते त्याहून साधे कारण होते. डबा गोष्टीत बसत नव्हता. माणसाच्या हौसेने माणूस बुडतो, हा साचा त्यांच्याजवळ तयार होता; आकडा पुरा करायला सगळ्यांनीच बुडायचे असते, याचा साचा नव्हता.

चौकशीला आम्ही दोघे गेलो. मला बोलावले होते ते जबाबाचे अक्षर माझे म्हणून. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल, एका टोकाला पुण्याहून आलेले चौकशी अधिकारी, हे एक वयस्क वकील होते. एका बाजूला कार्मिकचे साहेब, समोर बळीरामभाऊ. तात्यांनी तिसरी पिशवी नेसली होती, म्हणजे तिच्यातले कपडे, पेनसुद्धा. रात्री त्यांनी ठरवले होते की गोष्ट अर्धी सांगितली आहे, तर उरलेली सांगून यायची.

ते उभे राहिले आणि सांगू लागले. लाइन, अकरा मशीन, आकडा, गेटवरून परत पाठवणे. त्यांनी ते वाईट सांगितले नाही. हीच अडचण झाली. हात हलत होते, आवाज योग्य जागी खाली जात होता. वकिलांनी लेखणी खाली ठेवून ऐकले आणि संपल्यावर शांतपणे विचारले, "कॅन्टीनमध्ये तुम्ही सुरुवातीला काय म्हणालात? ही घडलेली गोष्ट आहे?"

"व्हय."

"त्यात जत्रेसाठी ट्यूब बांधली. आज सुपरवायझरसाठी बांधली. दोन्ही घडलेल्या?"

"जत्रा माझ्या पदरची."

"आणि सुपरवायझर कुणाच्या पदरचा?"

कार्मिकचे साहेब हसले. तात्यांचे हात खाली आले. एवढी वर्षे कांदा बाजारात, घाटावर, मंडपात ज्या एका वाक्याने लोक त्यांच्यावर विश्वास ठेवीत आले, त्याच वाक्याने त्यांना इथे उभे केले होते. "मी गोष्टी सांगतो, साहेब," ते म्हणाले. "लोकास्नी खऱ्या वाटाव्या म्हणून घडल्या म्हणतो." हे त्यांनी आयुष्यात प्रथमच कुणाला सांगितले असावे. वकिलांनी ते लिहून घेतले.

मग माझी पाळी आली. माझ्या बोलण्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. मी टेबलाच्या कडेकडे पाहत बोलले. मंगळवार होता, त्यांनी मला हे सांगितले, मी लिहिले नाही, कारण लिहू नका असे ते म्हणाले. बारांपैकी अकरा मशीन. बाराव्या मशीनवर का नव्हती ते मला माहीत नाही. ट्यूबच्या पट्ट्या सुपरवायझरच्या स्टुलामागे ग्रीसच्या डब्यात असतात. डबा निळा की हिरवा ते त्यांनी सांगितले नाही. वकिलांनी मधले विचारले, शेवटचे विचारले, पुन्हा पहिले विचारले. मी तेच सांगितले, कारण माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

"तुम्ही वडिलांसारखं सांगत नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटले.

त्यांनी शिपायाला खाली प्रेसशॉपमध्ये पाठवले. अपघातानंतर सगळ्या मशीनवरच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या, पण डब्याची आठवण कुणाला राहिली नव्हती; ती कशी राहणार, तो गोष्टीत नव्हता. शिपाई डबा घेऊन वर आला आणि ठेवायला जागा न दिसल्याने त्याने तो पांढऱ्या कागदांवरच ठेवला. आत काळ्या पट्ट्या होत्या, सारख्या मापाच्या. एकाच हाताने कापलेल्या दिसत होत्या. वकिलांनी बळीरामभाऊंना विचारले की लाइनवरचे कुणी साक्षीला येईल का. त्यानंतर दोघे आले. दोघांनीही डब्याकडे बोट दाखवून फक्त "हाच" एवढे सांगितले.

बळीरामभाऊंची नोकरी राहिली. ते कायम झाले, पण प्रेसवर नव्हे, स्टोअरमध्ये. जबाबात माहिती दडवल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांच्या फायलीत शेवटपर्यंत राहिली. सुपरवायझरची दुसऱ्या युनिटला बदली झाली. तात्यांना त्या कंपनीने पुन्हा बोलावले नाही, आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही नाही. अशा बातम्या कंपनीच्या बसपेक्षा लवकर पोहोचतात. घाट आणि बाजार राहिले. गोष्टीच्या आरंभीचे ते वाक्य त्यांनी सोडून दिले. त्याऐवजी ते काहीच म्हणत नसत, थेट सुरुवात करीत, आणि बाजारातले जुने हमाल म्हणत की तात्या आता पहिल्यासारखं रंगवत नाहीत. मी तीस वर्षे एका तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयात काढली, जिथे बोलणे अपेक्षित नसते. हे प्रकरण लिहिण्यापूर्वी मी बळीरामभाऊंच्या मुलीला फोन केला. ती आता मोशीला असते. ती म्हणाली, "लिहा की, आत्या. ट्यूबचं तर सगळ्यांना माहीत आहे."

चौकशीनंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बळीरामभाऊ पुन्हा कागद घेऊन आले. गावाकडे भावाला पत्र लिहायचे होते. तात्या खाटेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते, आई आत भाकऱ्या थापत होती. बळीरामभाऊ माझ्यासमोर बसले, कागद सरळ केला, आणि बोलायला सुरुवात करण्याऐवजी तात्यांकडे वळले.

"तात्या," ते म्हणाले, "जरा भायेर थांबता का?"

तात्यांनी अडकित्ता मिटला. क्षणभर ते काही विचारतील असे वाटले. मग त्यांनी पायाने चपला शोधल्या, दार ओढून घेतले आणि बाहेर गटारावरच्या फरशीवर जाऊन उभे राहिले; त्यांची पाठ खिडकीतून दिसत होती. बळीरामभाऊ बोलू लागले. पत्र पान-दीड पानाचे झाले असेल. त्याआधी त्यांनी मला जे सांगितले ते पत्रात आले नाही, तात्यांनी आयुष्यभर विचारले नाही, आणि इथेही मी ते लिहिणार नाही.